पार्व्होची झटपट चाचणी-पट्टी: ‘हो’ म्हणाली तर विश्वास ठेवा, ‘नाही’ म्हणाली तर पुन्हा विचारा

कुत्र्याच्या पिल्लांना होणारा पार्व्हो हा विषाणूजन्य, रक्ताच्या जुलाबांचा रोग ओळखण्यासाठी औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन जी झटपट अँटिजेन चाचणी-पट्टी मिळते, तिच्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले मला कोठे सापडले नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मी पशुवैद्य नाही. सोलापुरात आमच्या वसाहतीच्या आसपास दिवाळीनंतर भटक्या कुत्र्यांची जी पिल्ले जन्मतात, त्यांना घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या चार-पाच जणांपैकी मी एक आहे आणि गेल्या तीन हिवाळ्यांत ही पट्टी मी १९ वेळा वापरली आहे. किटचे नाव येथे देत नाही. मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची किट वापरली, दोन्हींचे तंत्र एकच होते, आणि पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते त्या तंत्राचे आहेत, कोणा एका कंपनीचे नव्हेत.

डब्यात दहा पाकिटे येतात. प्रत्येक पाकिटात प्लास्टिकची एक कॅसेट, टोकाला कापूस असलेली काडी, द्रावणाची छोटी कुपी आणि ड्रॉपर असतो. काडीने विष्ठेचा नमुना घ्यायचा, तो द्रावणात नीट घोळायचा, सांगितलेले तीन-चार थेंब कॅसेटच्या खाचेत टाकायचे आणि पाच ते दहा मिनिटे थांबायचे. करोनाच्या काळात ज्यांनी घरी चाचणी केली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. ‘सी’समोर रेघ उमटली म्हणजे चाचणी नीट झाली आणि ‘टी’समोरही उमटली म्हणजे विषाणू सापडला. पट्टीवर विषाणूच्या कवचाला चिकटणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे त्या जागी लालसर रेघ दिसते. मला एक पट्टी सुमारे ४०० रुपयांना पडली. वापरण्याच्या सोपेपणाबद्दल माझी काही तक्रार नाही. घाबरलेल्या माणसालाही रात्री अकरा वाजता, एकट्याने, बॅटरीच्या उजेडात ती करता येते.

माझी तक्रार दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे आणि ती सांगायला पहिल्या हिवाळ्याकडे जावे लागेल. तेव्हा आमच्याकडे चार भावंडे होती, साधारण नऊ आठवड्यांची. त्यांतल्या चिंगीने सोमवारी रात्री खाणे सोडले आणि दोनदा उलटी केली. मंगळवारी सकाळी मी चाचणी केली, फक्त ‘सी’ची रेघ उमटली, आणि मी सुटकेचा श्वास टाकून तिला पुन्हा भावंडांच्याच गोणपाटावर ठेवले. बुधवारी पहाटे तिला रक्ताचे, विशिष्ट घाण वास येणारे जुलाब सुरू झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी तीच चाचणी पुन्हा केली, तेव्हा ‘टी’ची रेघ दोन मिनिटांतच ठसठशीत उमटली, रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी फार खाली गेलेल्या होत्या. पाच दिवस सलाइन, उलट्या थांबवणारे इंजेक्शन आणि प्रतिजैविके यांवर चिंगी वाचली. तिच्याशेजारी झोपणारा भुऱ्या पुढच्या मंगळवारी गेला. सोमवारी रात्रीच तिला वेगळे ठेवले असते तर तो वाचलाच असता असे मी म्हणणार नाही. पण मंगळवारचा आख्खा दिवस आणि रात्र ‘टी’समोरच्या कोऱ्या जागेवर भरवसा ठेवून मी घालवली, हे मात्र खरे आहे.

त्या दिवशी दवाखान्यात बसलेल्या दोघा-तिघांनी मला एकच कारण सांगितले: हा नवा व्हेरियंट असणार, जुन्या किटमध्ये तो सापडत नाही. पुढे जवळजवळ प्रत्येक आजारी पिल्लाच्या वेळी हेच वाक्य मी ऐकत आलो. ते पटण्यासारखे आहे, कारण पार्व्होचा विषाणू खरोखरच बदलत आला आहे. तो कसा बदलला हे मी त्यानंतर चिकाटीने वाचले, आणि त्या वाचनानंतर माझे मत असे झाले की चिंगीच्या बाबतीत पट्टी चुकण्याचे कारण व्हेरियंट असण्याची शक्यता फारच थोडी होती. पट्टी विकत घेणाऱ्याने हा इतिहास जाणून घ्यावा असे मला कळकळीने वाटते, कारण त्याखेरीज तिचे उत्तर कसे वाचावे हे कळत नाही.

कुत्र्यांचा हा पार्व्हो फार जुना रोग नाही. १९७८ साली अनेक देशांतील पशुवैद्यांच्या जवळपास एकाच वेळी लक्षात आले की पिल्ले आणि मोठी कुत्रीसुद्धा रक्ताचे जुलाब होऊन झपाट्याने मरत आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लेलँड कारमायकल आणि मॅक्स अॅपेल यांनी त्या विषाणूवर काम केले आणि लसही तयार केली. कुत्र्यांत त्याआधी एक वेगळा, सौम्य पार्व्होव्हायरस ठाऊक होता, म्हणून या नव्याला ‘२’ हा क्रमांक मिळाला. साठवून ठेवलेले जुने रक्तनमुने नंतर तपासले तेव्हा युरोपातील कुत्र्यांत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे १९७०च्या दशकाच्या मध्यापासून दिसली. म्हणजे तो काही वर्षे नकळत फिरत होता आणि मग एकाएकी जगभर पसरला. तो आला मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या रोगाच्या विषाणूपासून किंवा त्याच्या अगदी जवळच्या नातलगापासून. दोघांचे साम्य इतके की कुत्र्यांची स्वतःची लस हाती येईपर्यंत मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचून वेळ निभावली गेली.

विषाणूने मांजरातून कुत्र्यात उडी कशी मारली, हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. प्राण्यांच्या पेशींना लोह आत घेण्यासाठी पृष्ठभागावर एक दार असते, ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला धरणारे. हाच विषाणूचाही दरवाजा आहे. मांजराच्या विषाणूचे कवच कुत्र्याच्या दाराला नीट बसत नव्हते. कवचाच्या ‘व्हीपी२’ या प्रथिनात, मुख्यतः ९३व्या आणि ३२३व्या जागी, अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतील एक कडी) बदलले आणि कवच त्या दाराला बसू लागले. एवढ्या लहान बदलाने, जगातील एकाही कुत्र्याच्या रक्तात ज्याची ओळख नव्हती असा रोग जन्माला आला, आणि म्हणूनच त्या पहिल्या लाटेत वयाचा भेद राहिला नाही.

तो पसरण्याची पद्धत आजही तीच आहे. आजारी कुत्र्याच्या एका चिमूटभर विष्ठेत विषाणूंची संख्या प्रचंड असते. त्याला चरबीचे वेष्टन नसते, त्यामुळे साबण किंवा सॅनिटायझरने तो विरघळत नाही आणि सावलीच्या, ओलसर जमिनीत अनेक महिने टिकतो. कुत्र्याला कुत्रा भेटण्याचीही गरज नसते. चपलेचा तळ, पिंजरा, भाड्याची गाडी, अंगण झाडायची केरसुणी एवढे पुरते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील आइल रॉयल हे लेक सुपीरियरमधले बेट आहे आणि तेथील लांडग्यांची गणना दरवर्षी होते. १९८० साली तेथे ५० लांडगे होते, १९८२ साली १४ उरले. बेटावर आणलेल्या कुत्र्यासोबत पार्व्हो पोहोचल्यामुळे ही पडझड झाली असे अभ्यासक मानतात. चारही बाजूंनी पाणी असलेल्या राष्ट्रीय उद्यानात जो विषाणू जाऊ शकला, त्याला आमच्या वसाहतीचे फाटक अडवील अशी अपेक्षा मी सोडून दिली आहे.

आता व्हेरियंटांकडे. १९७८चा मूळ प्रकार फार काळ टिकला नाही. १९७९-८० च्या सुमारास कवचात आणखी काही ठिकाणी बदल झालेला ‘२ए’ हा प्रकार दिसला आणि दोन-तीन वर्षांत त्याने रस्त्यांवरून मूळ प्रकाराला जवळजवळ हद्दपार केले. १९८४ मध्ये ‘२बी’ आढळला आणि २००० साली इटलीत ‘२सी’. जर्मनीतील जुने नमुने पुन्हा तपासल्यावर ‘२सी’ १९९६ मध्येही असल्याचे कळले. ही नावे मोठी वाटली तरी या तीन प्रकारांना वेगळे ठरवणारी खूण एकच आहे, ‘व्हीपी२’मधील ४२६वी जागा. तेथे ‘२ए’मध्ये अॅस्पॅराजिन, ‘२बी’मध्ये अॅस्पार्टिक आम्ल आणि ‘२सी’मध्ये ग्लुटामिक आम्ल असते. मांजरापासून आलेला मूळ ‘२’ मांजरांना बाधू शकत नव्हता, ‘२ए’ आणि त्यानंतरच्या प्रकारांनी मात्र ती क्षमता परत मिळवली. ज्यांच्या घरी कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

पार्व्होव्हायरसचा जनुकसंच अवघा ५,००० अक्षरांच्या आसपास आहे. डीएनए असलेले विषाणू हळू बदलतात असा सर्वसाधारण अनुभव असला तरी याच गटातला कुत्र्यांचा पार्व्हो झपाट्याने बदलणाऱ्या आरएनए विषाणूंच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने बदलतो. तरीही आकडा मांडून पाहिला तर त्या संपूर्ण जनुकसंचात वर्षाला सरासरी जेमतेम एखादा बदल रुजतो. हा बदल एका कुत्र्याच्या शरीरात घडतो आणि टिकतो तो कुत्र्यांच्या गर्दीत. जेथे लस न घेतलेली पिल्ले दर हंगामाला नव्याने जन्मतात, तेथे विषाणूला चालते-बोलते कुरण सतत मिळत राहते आणि ज्या बदलाला थोडाफार फायदा असेल तो पुढे सरकतो. भारतात पार्व्होची नोंद १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. येथे दीर्घकाळ ‘२ए’चा, त्यातही २९७व्या जागी बदल झालेल्या नव्या ‘२ए’चा जोर होता, आणि अलीकडच्या वर्षांत ‘२सी’चा आशियाई म्हणून ओळखला जाणारा उपप्रकार आढळू लागला आहे. तो प्रथम चीनमध्ये ओळखला गेला, त्याची एक खूण ३७०व्या जागी आहे, आणि थायलंडमधून इटलीत नेलेल्या एका कुत्र्यातही तो सापडला. माणसांनी हौसेने हलवलेल्या जनावरांबरोबर विषाणू किती सहज देश ओलांडतो, हे त्या एका नोंदीतून दिसते.

मग पट्टी या प्रकारांना ओळखते का? ओळखते, आणि या बाबतीत मी तिला पूर्ण गुण देतो. तिच्यावरची प्रतिपिंडे कवचाच्या अशा भागांना धरतात जे सर्व प्रकारांत सारखे राहिले आहेत. ‘२ए’, ‘२बी’ आणि ‘२सी’च्या नमुन्यांवर तुलना करून पाहिली गेली तेव्हा तिन्ही पकडण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. यांतला कोणता प्रकार आहे हे मात्र ती सांगू शकत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेत पीसीआर करून जनुकाचा क्रम वाचावा लागतो. आजारी पिल्लाच्या मालकाला त्या माहितीचा त्या रात्री उपयोगही नसतो, कारण उपचार प्रकारानुसार बदलत नाहीत. पाकिटावर ‘सर्व व्हेरियंटसाठी’ असे ठळक छापून जादा किंमत लावणाऱ्या किटचे म्हणूनच मला विशेष अप्रूप वाटले नाही.

तिची उणीव आहे ती नमुन्यात विषाणू पुरेसा नसताना. विष्ठेतून विषाणू बाहेर पडणे सुरुवातीला कमी असते, मधल्या काही दिवसांत शिगेला पोहोचते आणि मग पुन्हा घटते. शिवाय ते एकसारखेही नसते. पाण्यासारखे जुलाब असतील तर नमुना पातळ होतो. पिल्लाच्या शरीराने प्रतिपिंडे तयार करायला सुरुवात केली की ती विषाणूला आधीच वेढून घेतात आणि पट्टीच्या हाती काही उरत नाही. यांपैकी कोणत्याही कारणाने ‘टी’ची जागा कोरी राहू शकते. वर ज्या मिशिगनचा उल्लेख आला त्याच राज्यात, ऑटसिगो काउंटीत, २०२२च्या उन्हाळ्यात तीसहून अधिक कुत्री मेली. दवाखान्यांतील झटपट चाचण्या पार्व्हो नाही असे सांगत होत्या, त्यामुळे गूढ रोगाच्या बातम्या जगभर गेल्या. मिशिगन राज्य विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने नमुने तपासल्यावर तो पार्व्होच निघाला, आणि दगावलेल्या कुत्र्यांचे लसीकरण पूर्ण झालेले नव्हते.

माझ्या वहीतील १९ नोंदी या माहितीशी जुळतात. ८ वेळा ‘टी’ची रेघ उमटली आणि त्यांतील ७ वेळा डॉक्टरांच्या तपासणीत पार्व्हो निश्चित झाला. ११ वेळा रेघ उमटली नाही, त्यांपैकी ३ पिल्ले दुसऱ्या चाचणीत पार्व्होची निघाली. होकाराची जी एक नोंद फसवी ठरली तिचे कारणही नंतर उलगडले. त्या पिल्लाला पाच दिवसांपूर्वी लस टोचली होती. पार्व्होच्या लशीत जिवंत, पण दुर्बळ केलेला विषाणू असतो, तो आतड्यात वाढून थोड्या प्रमाणात विष्ठेत उतरतो आणि अतिशय फिकट रेघ उठवू शकतो. पिल्लू खेळत होते, दोन वेळचे जेवत होते, केवळ जंतांमुळे त्याला पातळ झाले होते. माहितीपत्रकात याचा उल्लेख होता, परंतु शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

लशीचा विषय निघालाच आहे तर व्हेरियंटचे नाव जेथे सर्वाधिक वापरले जाते त्याबद्दल लिहिणे भाग आहे. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंनी एका विक्रेत्याकडून लॅब्राडोरचे पिल्लू आणले. ‘सगळे डोस झालेत’ असे सांगून त्याने कार्ड दिले. त्यावर एकच शिक्का होता, पाचव्या आठवड्यातला. दहाव्या आठवड्यात पिल्लाला पार्व्हो झाला, पट्टी पहिल्याच चाचणीत ‘हो’ म्हणाली, आणि विक्रेत्याने फोनवर उत्तर दिले की नव्या व्हेरियंटवर लस चालत नाही. हे उत्तर त्याच्या सोयीचे होते. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी प्रतिपिंडे मिळतात ती लशीतील विषाणूलाही निष्प्रभ करतात. ती हळूहळू ओसरत जातात आणि मधे काही दिवस असे येतात की रोगाशी लढायला ती अपुरी पडतात, मात्र लस रुजू न देण्याइतकी शिल्लक असतात. प्रत्येक पिल्लात हे दिवस वेगळ्या वयात येतात. म्हणूनच जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेची शिफारस अशी आहे की सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावेत आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या किंवा त्याहून अधिक वयात पडावा. त्यानंतर २६व्या आठवड्याच्या सुमारास आणखी एक डोस सुचवलेला आहे. जुन्या ‘२’ किंवा ‘२बी’ प्रकारापासून बनवलेल्या लशी ‘२सी’पासूनही संरक्षण देतात, हे प्रयोगांत दिसले आहे. पाचव्या आठवड्यात एकदा टोचून थांबणे म्हणजे लसीकरण नव्हे, आणि त्याचे खापर विषाणूच्या बदलांवर फोडणे अन्याय्य आहे. काकूंचे ते पिल्लू सहा दिवस दवाखान्यात राहून वाचले. त्याच्या बाबतीत पट्टीने उत्तम काम केले, कारण दहाव्या मिनिटाला आम्ही रिक्षात बसलो होतो. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्ले दगावतात आणि वेळेवर सलाइन मिळालेली बहुतेक वाचतात, हे लक्षात घेतले तर ४०० रुपयांना वाचलेले ते काही तास स्वस्तच म्हणावे लागतील.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. डब्यावर साठवणीचे तापमान २ ते ३० अंश छापलेले असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि कुरिअरच्या बंद गाडीत किती होत असेल ते सांगायला नको. गेल्या मे महिन्यात मागवलेल्या डब्यातील दोन पट्ट्यांवर ‘सी’ची रेघच आली नाही, म्हणजे त्या बाद झाल्या. तेव्हापासून मी जानेवारीत खरेदी करतो आणि डबा घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवतो. दुसरे असे की वापरलेली कॅसेट, काडी आणि हातमोजे हे संसर्गाचे साहित्य आहे, ते तसेच कचऱ्यात टाकू नये. फरशीचेही तसेच आहे: ती आधी धुऊन घ्यावी, मग ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच मिसळून ते तिच्यावर टाकावे आणि दहा मिनिटे ओले राहू द्यावे, तेव्हा विषाणू मरतो. नुसत्या फिनेलने पुसल्याचे समाधान मिळते, पण पार्व्होच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन, आणि तेही चाचणी करणारा हे सर्व जाणत असेल या अटीवर. आता माझी रीत ठरलेली आहे. पिल्लाने खाणे सोडले की आधी ते वेगळ्या खोलीत जाते आणि मग चाचणी होते. पट्टी ‘नाही’ म्हणाली तरी ते वेगळेच राहते, दुसऱ्या दिवशी आणि गरज पडल्यास तिसऱ्या दिवशी पुन्हा नमुना घेतला जातो, आणि उलटी व जुलाब दोन्ही असतील तर पट्टीचे उत्तर काहीही आले तरी आम्ही दवाखान्यात जातो. किट बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. डब्यात मराठी आणि हिंदी माहितीपत्रक घालावे, त्याच्या पहिल्याच पानावर ‘रेघ उमटली नाही म्हणजे पार्व्हो नाही असे नव्हे, चोवीस तासांनी पुन्हा तपासा’ हे वाक्य ठळक छापावे, आणि त्या दुसऱ्या तपासणीसाठी पाकिटे जोडीने विकावीत.